जपानहून आणलेली मोची

भाजलेल्या डाळ्याच्या पिठाचा वास आला की चाकूरच्या घरातली एक दुपार आठवते. कंपनीच्या कामासाठी तीन महिने जपानला राहून मी परतलो होतो. वडिलांसाठी मोची आणली होती, तांदळाची मऊ, चिकट मिठाई, वरून तशाच वासाचं पीठ भुरभुरलेलं. वडिलांचा घसा बसलाय, एवढंच मला फोनवर कळलं होतं. "मोची? हे तर चपला शिवणाऱ्याचं नाव हाय," म्हणून ते घोगरं हसले, एक तुकडा तोंडात ठेवला, "लई मऊ हाय रे," म्हणाले आणि उठून मागच्या दारी गेले. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो, तर पाठमोरे उभे राहून ते अख्खा तुकडा रुमालात काढत होते. "गिळवत न्हाई आता. आईला सांगू नको, तिला वाटतंय मी जेवतोय." दोन महिन्यांनी ते गेले. मी आईला कधीच सांगितलं नाही. मागच्या आठवड्यात तीच म्हणाली, "ताटातलं गुपचूप कुत्र्याला घालायचे, मला रोज दिसायचं. पर मला ठाऊक हाय हे कळलं असतं, तर ते माझ्यासंगं जेवायला बसलेच नसते."