न वाजवता उघडलेलं दार

मंडळी, एरवी या सदरात मी इतरांना सोलतो. आज माझी पाळी.

रहाटणीत एका संस्थेचं घर आहे. बेघर तरुण आई-बाप लेकरांसह तिथे काही महिने राहतात, कामधंदा धरतात, मग भाड्याची खोली बघतात. प्रत्येक कुटुंबाला एक खोली. आज सकाळी सोसायटीतल्या चौघांना घेऊन जुने कपडे द्यायला गेलो. "खोल्या काय टापटीप ठेवतात बघा," म्हणत मी एक दार ढकललं.

आत विशीतली मुलगी बाळाला पाजत होती. तिने घाईने ओढणी ओढली. चाकणहून रात्रपाळी करून आलेला तिचा नवरा उठला.

"काका, दार वाजवायचं ना."

"अरे, आपलीच माणसं आहेत!" मी हसून म्हणालो.

"पुलाखाली ऱ्हायचो तवा येणारा-जाणारा बघायचा. हितं दार हाय म्हून आलो आमी."

त्याने दार हळूच लावलं. आतून कडी घातली.

घरी आलो तर आमच्या दारावर मीच लावलेली पाटी: 'बेल एकदाच वाजवा. दार उघडेपर्यंत थांबा.'

खरं सांगा, मदत करायला जाताना तुम्ही ही पाटी विसरता का?