दोन टाळ्यांची लाईट

आमच्या बाबांच्या तोंडात जन्मभर एकच इंग्रजी शब्द घोळला, तो म्हणजे लाईट. वीज गेली की लाईट गेली. चहात पत्ती कमी हवी तर लाईट चहा. फिकट निळा शर्ट, तोही लाईट. आणि कुणाचं काही बिनसलं, पाहुणे रुसले, मी गणितात आपटले, की ठरलेलं, "लाईट घे ना भिया!" भिया म्हणजे भैया, पण मुलगी असून मलाही भियाच. इंदूरला त्यात कुणाला काही वाटत नाही.

आईला मात्र हे मुळीच खपायचं नाही. ती नाशिकहून लग्न होऊन इंदूरच्या राजेंद्र नगरात आली, इथं तिचे केस पांढरे झाले, पण बोलणं इंदुरी झालं नाही. बाबा म्हणाले, "अगं, लाईट घे," की ही भडकलीच. "सगळंच काय लाईट घ्यायचं? संसार म्हणजे मलमलीचा सदरा आहे का?" बाबा हसायचे. 'अगं'शिवाय दुसरी हाक त्यांनी तिला मारलेली मी ऐकली नाही.

मग बाबांना अर्धांगाचा झटका आला. पाय हळूहळू जमिनीवर ठरायला लागले, पण वाचा गेली ती गेलीच. कळायचं सगळं, शब्द तेवढा येईना. आई चारचौघांत खंबीर. मला एकदा पोळ्या लाटताना म्हणाली, "गप्पा नकोत मला. एकदा 'अगं' म्हणाले ना, तरी पुरे."

बोलणं शिकवायला एक मुलगी यायची, नोकरीसाठी पुण्याहून इथं आलेली. टाळ्या वाजवून ती शब्द फोडायची. "पा-णी. दोन टाळ्या, काका." बाबांचा एकच हात चालायचा, म्हणून ते मांडीवर थाप मारायचे. ओठ हलायचे, कपाळावर घाम यायचा, आवाज नाही. बघवायचं नाही अगदी. आणि एका सकाळी त्यांनी मांडीवर दोनदा थाप मारली अन् म्हणाले, "ला-ईट."

आम्ही मायलेकी नाचायच्याच बाकी होतो. पण ती मुलगी पडली पुण्याची! म्हणाली, "छान काका, फक्त इंग्रजीत याला एकच टाळी हं." माझं डोकं सटकलं. म्हटलं, "साहेबाची असेल एका टाळीची. आमच्या इंदुरात लाईट दोन टाळ्यांनी येते आणि दोन टाळ्यांनी जाते." बिचारी हसली आणि तिनंही दोन टाळ्या वाजवल्या.

त्यापुढे मात्र गाडी हलेना. सगळ्याला लाईट. दिवा लावला तर मान नाही म्हणायची. पातळ चादर आणली, नाही. चहा आणला, नाही. डॉक्टरांनी खाणं लाईट ठेवा म्हणून शेव बंद केली होती, तेव्हा खिचडीकडे बघून म्हणायचे ते "लाईट!" तेवढं लगेच कळायचं, कारण ती शिवीच होती. आई दिवसभर अंदाज बांधून थकून जायची, पण 'अगं' काही येईना.

एका संध्याकाळी आई त्यांना खिचडी भरवत होती आणि लाईट गेली. अंधारात तिच्या हातून वाटी निसटली, खिचडी सगळी पलंगावर. एवढे महिने न रडलेली बाई त्या खिचडीसाठी रडायला लागली. "नाही होत हो माझ्याच्यानं आता," म्हणाली.

मी टॉर्च शोधत होते. मागून मांडीवर थाप ऐकू आली. दोनदा.

"अ-गं."

आईचं रडणं जागच्या जागी थांबलं. पुन्हा दोन थापा.

"ला-ईट."

मी मूर्ख, म्हटलं, "हो बाबा, गेलीये. येईल हं आत्ता." बाबांनी चिडून जोरजोरात मान हलवली. मग एकच थाप.

"घे."

"नाही घेणार जा," आई म्हणाली, आणि रडता रडता हसायलाच लागली. खिचडीनं भरलेल्या हातानं तिनं त्यांचा हात धरला. "आधी परत म्हणा. अगं म्हणा."