धम्मानंदचं कॉलेज

धम्मानंद रामटेके या माणसाला आपण फारच थोडं ओळखत होतो, हे चंपतरावांच्या ध्यानात आलं ते तो गेल्यावर, त्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी. सक्करदऱ्यातल्या त्याच्या घरासमोर मांडव घातला होता. भंतेजींची वंदना झाली आणि धम्मानंदची सून पायल चंपतरावांपाशी येऊन हळूच म्हणाली, "काकाजी, तुम्ही सगळ्यात जुने. दोन शब्द बोला ना."

चंपतराव उठले. दोघांनी सारी नोकरी एकाच जेलात काढली होती. शिपाई म्हणून बरोबर लागले, हवालदार म्हणून बरोबर निवृत्त झाले, आणि त्यानंतर रोज संध्याकाळी तळ्याला चक्कर मारत आले. एवढ्या सोबतीवर तासभर तरी बोलता यायला हवं होतं.

"धम्मानंद चांगला माणूस होता," ते म्हणाले. "कामाला चोख होता."

पुढचं वाक्य काही सुचेना. ते खाली बसले.

मग रितिका नावाची मुलगी उभी राहिली. ती धम्मानंदबरोबर एम. ए.च्या वर्गात होती. दोन वर्षांची काय ती ओळख, पण पोरगी बोलतच राहिली. धम्मानंद सर वर्गात कायम भिंतीला पाठ लावून बसायचे. इंग्रजी शब्द अडला की तळहातावर लिहून घ्यायचे आणि घरी जाईपर्यंत हात धुवायचे नाहीत. त्यांना लहानपणी मास्तर व्हायचं होतं. बोलता बोलता तिचा आवाज भरून आला.

चंपतरावांना यातलं काहीएक ठाऊक नव्हतं. त्यांना त्या पोरीचा राग आला. माणूस आपला, आणि रडायचा मान हिला. मांडवात बसून असं मनात यावं याची त्यांना लाज वाटली, पण राग गेला नाही. तो जुना होता, चांगला मुरलेला.

त्याची सुरुवात एका संध्याकाळी झाली होती. चंपतराव नेहमीप्रमाणे धम्मानंदला हाक मारायला गेले, तर दारात पायल.

"बाबा तं कॉलेजले गेले, काकाजी."

"कोणाले आणाले?"

"आणाले नाही, शिकाले. एम. ए.ले नाव टाकलं त्याईनं. तुमाले सांगतलं नाही?"

"सांगतलं, सांगतलं," चंपतराव म्हणाले. "मीच विसरलो."

त्या दिवशी तळ्याची चक्कर त्यांनी अर्ध्यावर सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धम्मानंद आपणहून आला. चंपतरावांच्या बायकोनं, गोपिकाबाईंनी, चहा पुढं केला. चंपतरावांनी त्याला बशीत चहा ओतूही दिला नाही.

"काहून गा, सांगाचं नाही का?"

"सांगणारच होतो. पह्यले ॲडमिशन तं होऊ दे म्हटलं."

"एम. ए.ले आंधी बी. ए. लागते ना बे?"

"आहे ना."

"कोणाची?"

"माही." धम्मानंद कपात पाहत म्हणाला. "नोकरीत होतो तवाच केली, मुक्त विद्यापीठातून."

"अन् मले आज सांगतं."

"तू त्याच साली खात्याच्या परीक्षेत नापास झाला होता गा. तोंड पाडून बसला होता. तवा काय पेढे घेऊन येऊ तुह्याकडं?"

त्यानं थोबाडीत मारली असती तर बरं, असं चंपतरावांना वाटलं. नापास झाल्याचं ते कधीच विसरून गेले होते. पण आपली कीव करून एक माणूस इतकी वर्षं गप्प बसला, रोज आपल्या शेजारी डबा उघडून जेवला आणि बी. ए. झाल्याचं गिळून राहिला, हे त्यांच्या घशाखाली उतरेना.

"अन् या कोर्सातून होते काय?"

धम्मानंदनं सांगितलं. विषयाचं नाव फौजदारी न्याय प्रशासन. पोलीस, कोर्ट, जेल, या खात्यांत ज्या पोरांना अधिकारी व्हायचं आहे, उद्या खातं चालवायचं आहे, त्यांच्यासाठी तो आहे. माणसांचं नेतृत्व कसं करावं यावर एक अख्खा पेपर आहे.

"नेतृत्व," चंपतराव बायकोकडे पाहून म्हणाले. "हा आता कोणाचं करते? तळ्यातल्या बदकाईचं?"

गोपिकाबाई हसल्या. धम्मानंदही हसला, अगदी मनापासून, आणि तेच चंपतरावांना झोंबलं.

तेव्हापासून चक्कर फक्त रविवारी राहिली. बाकीच्या संध्याकाळी चंपतराव घरातच टीव्हीसमोर बसत आणि मनात मात्र धम्मानंदच्या वर्गात असत. ज्यांना उभा जन्म सलाम ठोकला ते साहेब अशाच वर्गांतून निघतात. मिसरूड न फुटलेला साहेब यायचा आणि या दोघांच्या टाचा जुळायच्या. आता धम्मानंद त्या होणाऱ्या साहेबांच्या बाकावर जाऊन बसला होता, पाठीवर सॅक लावून, आणि ते त्याला सर म्हणत होते. रविवारी पूर्वी गुडघे आणि पोरांच्या बुटीबोरीच्या कारखान्यांतल्या नोकऱ्या एवढंच बोलणं असे. आता रितिका असं म्हणाली, मॅडमनं तसं विचारलं. एकदा धम्मानंद म्हणाला, पहिल्या परीक्षेत एक पेपर राहिला. चंपतरावांनी "अरेरे" म्हटलं आणि घरी जाऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. पण पुढच्या खेपेला तो त्यातही पास झाला.

दुसऱ्या वर्षी धम्मानंदला प्रकल्प करायचा होता. त्यानं विषय घेतला होता, सुटलेला कैदी पहिल्या तासात काय करतो.

"मी तं बराकीतला माणूस," तो म्हणाला. "माह्यासमोरून ते निघून जायचे. पुढचं तू पाह्यलं. गेटवर तू होता. वर्गात येऊन सांगतं काय?"

म्हणजे डोळे माझे आणि डिग्री याची, हे चंपतरावांच्या पहिल्यांदा मनात आलं. दुसऱ्यांदा आलं ते असं, की एवढं शिकून शेवटी याचं माझ्यावाचून अडलंच. या दुसऱ्या विचारानं ते "येतो" म्हणाले. गोपिकाबाईंनी पांढरा शर्ट कडक इस्त्री करून ठेवला.

वर्गात त्यांना समोर खुर्चीवर बसवलं. मॅडम त्यांच्या मुलीहून लहान होत्या. त्या ओळख करून देत असताना मागचं दार उघडून एक पोरगा आत आला आणि ते तसंच उघडं टाकून बसला. पुढचं दार उघडंच होतं. चंपतराव उठले आणि पुढचं दार लावून आले. पुन्हा बसतात न बसतात तोच दोन मुलींनी ते ढकललं. चंपतराव परत उठले आणि आता बाकांमधून मागच्या दाराकडे निघाले. त्यांनी कडी घातली तेव्हा वर्ग हसायला लागला.

"काका, हवा तं येऊ द्या," कुणी तरी म्हणालं.

कडीवर हात ठेवून चंपतराव उभेच राहिले. आपण काय केलं हे त्यांना तेव्हा कळलं.

धम्मानंद भिंतीपासून उठला. हसला नाही. "जेलच्या गेटला दोन दारं असतात," तो वर्गाला म्हणाला. "एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. दोन्ही एका वेळी उघडी दिसली की गेटवरचा माणूस बसून राहूच शकत नाही. आमच्या चंपतरावांनी अर्धी नोकरी त्या दोन दारांच्या मधल्या जागेत काढली आहे. तिथं ना आतली सावली येते, ना बाहेरचं ऊन."

पोरं लिहून घेऊ लागली.

"वा, धम्मानंदजी," मॅडम म्हणाल्या. "हे प्रकल्पात आलंच पाहिजे."

हसं झालं ते चंपतरावांचं, आणि वाहवा झाली धम्मानंदची. इतकी वर्षं त्या जागेत उभं राहून ऊन आणि सावलीचं आपल्याला कधी सुचलं नाही. याला बराकीत बसून कसं सुचलं?

मग रितिकानं विचारलं, "सर, सुटलेला माणूस बाहेर पडल्यावर आधी काय करतो?"

चंपतरावांना सगळं आठवत होतं. रस्त्याच्या कडेला उभा राहून कुणी तरी "जा" म्हणेल याची वाट पाहणारा, नुकताच सुटलेला एक म्हातारा आठवत होता. त्यांनी स्वतः त्याला म्हटलं होतं, जा आता, कोणी अडवत नाही. तरी तो मागे पाहत उभा होता.

"मले काही आठवत नाही," चंपतराव म्हणाले.

धम्मानंद त्यांना ऑटोपर्यंत सोडायला आला. "जाऊ दे गा," तो म्हणाला. "एवढ्या पोराईपुढं कोणीही घाबरते."

पुन्हा कीव. ऑटोत बसेपर्यंत चंपतरावांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यानंतर रविवारची चक्करही बंद झाली. गुडघे दुखतात, हे कारण तयारच होतं.

प्रकल्प त्यांच्यावाचून झाला. तोंडी परीक्षाही चांगली गेली. नव्या भरतीच्या शिपायांना शिकवायला बाबांना बोलावणार म्हणतात, असं पायलनं भाजीच्या गाडीवर सांगितलं. "असं काय," म्हणून चंपतराव वांगी निवडत राहिले. साऱ्या जेलात धम्मानंदहून नीट समजावून सांगणारा माणूस नव्हता, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? म्हणूनच त्यांना ते सोसलं नाही.

निकाल लागायच्या आत धम्मानंद गेला. सकाळी छातीत दुखलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं. आदल्या संध्याकाळी तो चंपतरावांना औषधाच्या दुकानात भेटला होता. पाठीवर सॅक नव्हती. त्याला तसा रिकाम्या पाठीनं पाहून चंपतरावांना बरं वाटलं, आणि बरं वाटलं ते त्याला कळू नये म्हणून ते गोळ्यांचं पाकीट वाचत राहिले.

"कसे आहेत गुडघे?"

"आहेत."

"उद्या येतं काय तळ्यावर?"

"तुले कॉलेज असन ना."

"संपलं गा कॉलेज. आता रोज मोकळाच आहो."

"पाहू," चंपतराव म्हणाले.

"हाव. पाह्य मंग."