रांगेत न उभा राहिलेला रूबेन

रूबेन गेला, ही बातमी मला वडखळच्या कोंडीत मिळाली. ही कोंडी ज्याने पाहिली नाही त्याला सांगून पटायचं नाही. तिथे अडकलेल्या टेम्पोतल्या कैऱ्यांचे आंबे होतात, आंब्यांच्या बाठी होतात आणि बाठींना कोंब फुटले की ड्रायव्हर त्यांच्या सावलीत झोपतो. मी रोह्याहून पेणला निघालो होतो, त्याच्याच गिरणीवर, पोहे आणायला. पुढे ट्रक, मागे ट्रक आणि मध्ये मी. फोन वाजला. राहेलआक्का, रूबेनची थोरली बहीण. “बाळ्या, कुठं हायस?” म्हटलं, “वडखळला, रांगेत.” “मग बस निवांत. रूबेन गेला रे सकाळी.” वर म्हणाली, “घाई करू नको. तो आता कुठं जात नाय.” उभ्या जन्मात आपणहून कधी रांगेत उभा न राहिलेला माणूस गेला, आणि तेव्हा मी रायगड जिल्ह्यातल्या सर्वात लांब रांगेत बसलो होतो. वर त्याला नक्की हसू आलं असणार.

रूबेन आमच्याकडचा मराठी ज्यू. आजोबा तेलाचा घाणा चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून सगळं गाव त्या घराला शनवार तेली म्हणायचं. आता त्यांची बहुतेक घरं इस्रायलला गेली. पेणमध्ये उरले ते हे दोघं बहीणभाऊ. त्यामुळे दफनाच्या वेळी पंचाईत झाली. त्यांच्यात एक प्रार्थना अशी आहे की दहा पुरुष जमल्याशिवाय ती म्हणता येत नाही. अलिबागहून, पनवेलहून म्हातारे आले, तरी भरले नऊच. मी पुढे झालो, “मला धरा दहावा! पाचवीपासून त्याच्या बाकावर बसलोय.” अलिबागचे एक टोपीवाले काका माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघून म्हणाले, “वजनानं तू तिघांच्या बरोबर हायस बाबा, पण धरता येत नाय.” मग आम्ही सगळे दफनभूमीतल्या गवतात बसून राहिलो. कुणी कुणाला ओढून आणलं नाही, दमदाटी केली नाही. रेवदंड्याकडचा एक म्हातारा मिळेल त्या गाडीने, धापा टाकत, आपणहून आला तेव्हा प्रार्थना झाली. तेवढ्यात नानासाहेब फोटोग्राफर घेऊन उगवलेच. नानासाहेब म्हणजे आमच्याकडचे पुढारी. ते कुठल्या पक्षाचे हे सांगत नाही, कारण हे छापून येईपर्यंत बदललेलं असेल. कबरीवर माती टाकताना त्यांनी तीनदा हात वर नेला, कारण पहिल्या दोन वेळी फोटो हलला. “तालुक्याचा शूर सैनिक गेला,” असं त्यांनी कॅमेऱ्याकडे बघून सांगितलं. माझ्या तोंडात कडू पाणी आलं. पण मयताच्या ठिकाणी थुंकू नये, म्हणून गिळलं.

आता सैनिक कसा, ते सांगतो. मी थापाड्या म्हणून पेण ते रोहा प्रसिद्ध आहे, पण पुढचं खरं आहे. अठराव्या वर्षी रूबेनला आईबापांनी इस्रायलला नेलं. उतरून वर्ष होतं न होतं तोच त्याला फौजेत घातलं. तिथे तो नियमच आहे, पोरगा असो की पोरगी, सुटका नाही. याला भाषा येत नव्हती, थंडी माहीत नव्हती आणि खाडीतल्या चिखलात अनवाणी वाढलेल्या पायाला ते बूट म्हणजे शिक्षाच. सेवा संपली, पुढे काही वर्षं तिकडे कसाबसा टिकला आणि एके दुपारी पेणच्या स्टँडवर पत्र्याची ट्रंक घेऊन उतरला. राहेलआक्काचं इथेच सासर, ती कधी गेलीच नव्हती. मला मिठी मारली आणि पहिलं वाक्य काय, तर “बाळ्या, पोहे कुठं मिळतील?” पुढे त्याने मामाची बंद पडलेली पोह्यांची गिरणी सुरू केली ती मरेपर्यंत चालवली. लग्न केलं नाही.

गावाला मात्र पोह्यांत रस नव्हता, गावाला बंदूक हवी होती. पोरंटोरं गिरणीपुढे जमायची, “रूबेनकाका, किती मारले?” तो म्हणायचा, “मच्छर? मोजले नाय.” त्याच्याकडून माल येईना म्हणून पुरवठा मी सुरू केला. एका हाताने रणगाडा उचलला, शिंक दिली तर शत्रूचं विमान भरकटलं, उंटाला दंडवत घालायला शिकवलं... तो ऐकत बसायचा आणि शेवटी विचारायचा, “उंट कुठल्या रंगाचा होता?” मी रंग सांगितला की म्हणायचा, “मग बरोबर.”

पण एक गोष्ट साऱ्या गावाला माहीत होती. रूबेन रांगेत उभा राहायचा नाही. रेशनला नाही, बँकेत नाही, तिकिटाला नाही. तो बाजूला सावलीत बसायचा आणि रांग संपली की उठायचा. कितीक गाड्या गेल्या. एकदा तर माझ्या मुलीच्या लग्नात बुफेची रांग संपेपर्यंत बसला आणि याच्या वाट्याला जिलब्या तेवढ्या उरल्या. एका गालात कोंबून खात होता. तेवढ्यात फोटोवाल्याने टिपला. उजवा गाल असा फुगलेला, की आत जिलबी नाही, अख्खं कढईचं झाकण आहे. त्याच्या गिरणीवरही रांग लावायला बंदी. बाहेर एक लांब बाकडं. आलेल्या बाईने विचारायचं, “शेवटचं कोण?” कुणीतरी हात वर करणार, की हिने बसायचं. तेवढं लक्षात ठेवायचं. गणपतीच्या दिवसांत गर्दी उसळली तरी त्या बाकड्यावर कधी भांडण झालं नाही.

असं का, ते त्याने मला एकदाच सांगितलं. आम्ही मिठागराच्या बांधावर बसलो होतो, उन्हं कलली होती. मी असंच चिडवलं, “काय रे, तिकडे रांगेत उभं करून करून एवढा कंटाळा आणला?” तो म्हणाला, “मला उभं करायचे ते काय, जेवणाला, इंजेक्शनला, बुटाला. त्याचं काय वाटत नव्हतं. मी दुसऱ्यांना उभं करायचो, बाळ्या.” एका नाक्यावर त्याची ड्यूटी होती. जाणाऱ्यायेणाऱ्यांची पिशवी बघायची, कागद बघायचे, रांग सरळ ठेवायची. याचं वय एकोणीस. रांगेत बापाच्या वयाची माणसं, हातात लिंबांच्या पाट्या, आणि ती याला ‘साहेब’ म्हणायची. “एक म्हातारा खाली बसला. उन्हानं बसला रे. मला वरून हुकूम, उठव त्याला. मी उठवला. हात धरून नाय... बंदुकीनं, अशी जरा खूण करून.” मग म्हणाला, “सक्ती एकट्याला करता येत नाय. ज्याला करतात ना, तो ती घेऊन पुढच्याच्या दारात जातो.” मग त्याने मला एकच बजावलं, “मला परत कुणी ते कपडे घालू नका. मेलो तरी. बाकी कायपण घाला, तुझ्या बायकोचा गाऊन घाला.” मी हसलो. तो हसला नाही.

हे सगळं मनात ठेवून आमच्या कट्ट्यावरच्या गप्पा ऐकायच्या, म्हणजे कानात शिसं ओतून घेणं. गेल्या काही वर्षांत जो उठतो तो म्हणतो, पोरं बिघडली, मोबाईल सोडत नाहीत, सगळ्यांना दोन वर्षं सक्तीने सैन्यात घाला, सरळ होतील. चहा गार झाला तर हॉटेलवाल्याला शिव्या देणारी ही माणसं, गुडघ्याला पट्टा, पोटाला पट्टा, आणि निघाली सीमेवर. स्वतः नाही, शेजाऱ्याच्या पोराला घेऊन! नानासाहेब या वऱ्हाडाचे वाजंत्री. एकदा त्यांनी गिरणीवरच विषय काढला, “रूबेनशेठ, तुम्हीच सांगा. सक्ती केल्याशिवाय पोरं सरळ होतील काय?” रूबेन चाळण हलवत म्हणाला, “पोरं म्हंजे काय खिळे हायत, ठोकून सरळ करायला? तुमचा दीपक कुठं असतो?” दीपक कॅनडाला. शाळेत असताना एन.सी.सी.च्या परेडमधून तळपाय सपाट असल्याचं डॉक्टरचं सर्टिफिकेट दाखवून सुटला होता. पुढे त्याच सपाट पायांनी विमानतळावर केवढा पळाला असेल! “त्याला पाठवा पहिला,” रूबेन म्हणाला, “मी पोहे देतो बांधून.” कुणी याचा भलता अर्थ काढू नये. गागोद्याकडची पोरं पहाटे रस्त्यावर धावतात, भरतीला उतरतात, आपणहून जातात. ती सुट्टीवर आली की रूबेन त्यांच्याकडून पोह्यांचे पैसे घेत नसे. म्हणायचा, “जो आपल्या पायानं गेला त्याच्या पाया पडावं. जो दुसऱ्याचं पोर ढकलतो, त्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नये.”

तो गेल्यावर महिनाभराने नानासाहेबांनी पेणच्या सभागृहात श्रद्धांजली ठेवली. श्रद्धांजली म्हणजे निमित्त. फलकावर विषय होता, ‘तरुणांना सक्तीची लष्करी सेवा हवीच!’ सभागृह कॉलेजच्या पोरांनी गच्च भरलेलं. मी दारातल्या एकाला विचारलं, “काय रे, एवढी आवड?” तो म्हणाला, “आवड कसली काका, हजेरी लागणार हाय. नाय आलो तर गैरहजेरी.” म्हणजे सक्तीवरच्या सभेलाही सक्तीच. आत गेलो आणि समोर बघितलं...

मंचाच्या मागे भिंतभर फ्लेक्स. त्यावर रूबेन. चट्ट्यापट्ट्यांचा लष्करी पोशाख, तोही आपल्या देशाचा, ज्या फौजेत तो कधी नव्हताच. छातीवर इतकी पदकं, की खरा माणूस असता तर पुढच्या पुढे आडवा झाला असता. मागे रणगाडा, वर तीन विमानं, आणि त्या विमानांपेक्षा मोठे नानासाहेब, हात जोडून. आणि मानेवर चेहरा कुठला? माझ्या मुलीच्या लग्नातला! उजवा गाल फुगलेला, आत जिलबी. ‘वीर जवान’ म्हणे. मी अनेक घाणी पाहिल्यात, रोह्याला कंपनीत जन्म काढला, नदीला येणाऱ्या फेसाची चव सांगू शकतो. पण अशी घाण कधी पाहिली नव्हती. जिवंतपणी ज्याला एकदा धरून कपडे चढवले, त्याला मेल्यावर पुन्हा भरती केलं होतं. मेल्यावर तर पायही सपाट दाखवता येत नाहीत.

पहिल्या रांगेत राहेलआक्का. खुर्चीला ‘वीरभगिनी’ अशी पट्टी. मी शेजारी बसलो. ती फ्लेक्सकडे बघत होती. “बाळ्या, फोटो तू दिलास?” “नाय गो आक्का, फोटोवाल्याकडून उचललाय.” “घातलेच ना कपडे त्याला,” एवढंच म्हणाली. मी उठून नानासाहेबांना बाजूला घेतलं, सांगितलं, हे काढा, त्याची शेवटची इच्छा होती. ते माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, “अहो, मेलेल्या माणसाला काय कळतंय? उलट शोभतोय. जिवंतपणी कधी एवढा रुबाबदार दिसला काय?” नंतर तासभर भाषण. शिस्त, शिस्त आणि शिस्त. एवढ्या वेळात त्यांचा स्वतःचा मोबाईल चार वेळा वाजला.

शेवटी माईकवरून आज्ञा झाली, सर्वांनी एका रांगेत येऊन पुष्प वाहावं, आधी वीरभगिनी. फोटोग्राफर गुडघ्यावर बसला. राहेलआक्का हलली नाही. “या, या आक्का,” नानासाहेब म्हणाले. ती तिथूनच, माईकशिवाय, साऱ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मी बसते. तुमची रांग संपू दे. मग बघते.”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. गिरणीच्या बाकड्यावर बसून केस पिकलेल्या बायका होत्या तिथे, त्यांना कळलं. उठायला निघालेली एक बाई पुन्हा बसली. दुसरी बसली. रिक्षावाला बसला, शाळेतले जुने मास्तर बसले. पोरांनी मोठ्यांकडे बघितलं आणि तीही टेकली, हजेरी तर लागलीच होती. मंचासमोर फुलांचं ताट, फोटोग्राफर गुडघ्यावर, नानासाहेब हात पुढे करून उभे, आणि रांगेत कुणी नाही. भाषणाचा एक तास परवडला, ती दोन मिनिटं त्यांना संपेनात. मग राहेलआक्का गुडघ्यावर हात ठेवून उठली. “संपली रांग? आता आमचा नंबर. बाळ्या, चढ वर.” मी खुर्चीवर चढलो. खुर्ची मोडली. दुसरी आणली. फ्लेक्सच्या दोऱ्या दाताने तोडल्या म्हणून सांगत असतो, पण खरं तर सुरी रिक्षावाल्याने दिली. “अहो, हे काय चाललंय!” नानासाहेब ओरडले. आक्का म्हणाली, “माझा भाऊ हाय. घरी नेते.”

घरी नेऊन तिने कात्रीने चेहरा कापून घेतला, मानेपासून वर, गोल. खाली उरला तो मुंडकं नसलेला जवान, पदकं, रणगाडा, विमानं आणि मध्ये एक भोक. जत्रेत फोटो काढायला असतो ना पडदा, भोकात तोंड घालायचं आणि राजा व्हायचं, तस्सा. तो नीट गुंडाळून मी नानासाहेबांच्या घरी पोचता केला. म्हटलं, “ज्याला हौस असेल त्यानं तोंड घालावं. सक्ती नाय.” अजून कुणी घातल्याचं ऐकिवात नाही.

गिरणी आता राहेलआक्का चालवते. बाकड्याच्या वर, भिंतीला, तो गोल चेहरा लावलाय. ना पोशाख, ना हार, गालात जिलबी. गेल्या आठवड्यात गेलो, पिशवी काखेत, सवयीने विचारलं, “शेवटचं कोण?” बायकांनी एकमेकींकडे बघितलं, गप्पांत कुणालाच आठवेना. मग एकीने हसून वर, भिंतीकडे बोट दाखवलं. मी त्याच्या खाली बसलो. मला कसलीच घाई नव्हती.