टेबलाखालचं इंग्रजी

ही गोष्ट मी बाहेर कुणालाच सांगितलेली नाही. घरच्या दोघांना ठाऊक आहे, पण गेल्या आठवड्यापर्यंत तेही विषय काढत नव्हते.

लॉकडाऊनच्या दिवसांतली गोष्ट. तुमसरला ज्या राईस मिलच्या ऑफिसात मी काम करते, तिथले शेठ म्हणाले, "मॅडम, बाहेरचे व्यापारी फोनवर इंग्रजीत बोलतात. ऑनलाइन कोर्स करा, सर्टिफिकेट आणा, फोनचं टेबल तुमचं." फोनचं टेबल म्हणजे पंख्याखालची खुर्ची. माझी गोदामाच्या दाराशी होती, दिवसभर केसांत भाताचा कोंडा. मी लगेच हो म्हटलं.

पहिल्याच तासाला कोर्सच्या बाईंनी माझं नाव पुकारलं आणि माझ्या तोंडाला कुलूप लागलं. इंग्रजी शाळेत चौथीला असलेली माझी मुलगी शेजारी शेंगदाणे खात बसली होती. ती माईककडे वाकली आणि माझ्या नावानं धडाधड बोलून मोकळी झाली. कॅमेरा बंद होता. "किती गोड आवाज हो तुमचा!" बाई म्हणाल्या. मी आणखी शेंगदाणे तिच्यापुढे ठेवले. मग रोज तीच बसू लागली.

कोर्स नोकरीवाल्यांचा. चिडलेलं गिऱ्हाईक कसं थंड करायचं, पगारवाढ कशी मागायची, हे सगळं पोरगी शिकली. एकदा तिचे बाबा ओरडले, "काय वं पोट्टी, दूध काहून सांडवलं?"

"सर, आय अंडरस्टँड युवर फ्रस्ट्रेशन," ती शांतपणे म्हणाली.

रागवावं की खुर्ची द्यावी, हे त्यांना कळेना. कारल्याची भाजी तर तिनं पुढच्या मीटिंगवर ढकलली.

एका तासाला बाईंनी विचारलं, तुमचा एक दोष सांगा. मी दारात तांदूळ निवडत होते. पोरीनं माझ्या नावानं सांगितलं: मला घाई असते, मी मुलीची वेणी फार घट्ट घालते. दुसऱ्या दिवशी मी वेणी सैल घातली.

शेवटच्या परीक्षेला कॅमेरा चालू ठेवायचा होता.

"मी टेबलाखाली बसतो," ती म्हणाली. "तू फक्त तोंड हालवजो."

मी बकरीसारखं तोंड हलवत राहिले. मध्येच घसा सुकला म्हणून सवयीनं पाणी प्यायले. खालून इंग्रजी चालूच.

"मॅडम, तुम्ही पाणी पिता पिता बोलताय?"

"सॉरी मॅम, नेटवर्क इश्यू," टेबलाखालून उत्तर आलं.

आम्ही पास झालो. पंख्याखालची खुर्ची मिळाली. व्यापारी सगळे हिंदीतच बोलतात. इतक्या वर्षांत एकानंही इंग्रजी शब्द विचारला नाही.

इथवर हसू येतं. पुढचं सांगायलाच लिहायला बसले आहे.

शाळा उघडल्यावर पालकसभा झाली. तिच्या इंग्रजीच्या मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ही सांगते, मोठ्यांचा कोर्स करून परीक्षा पास झाली. अशा बढायांची सवय बरी नाही." मागच्या बाकावर आमच्या मिलचे मुनीम बसले होते. मी म्हटलं, "कोर्स मी केला, मॅडम. ही ऐकून ऐकून काहीही सांगते."

परत येताना पोरीनं माझी कंबर धरली नाही, स्कूटीचा मागचा दांडा धरला. ती आता दहावीत आहे. अजूनही दांडाच धरते.

गेल्या आठवड्यात जेवताना मी म्हटलं, "त्या दिवशी मी खोटं बोलले."

तिनं घास संपवला. "मले काय सांगून राहिली? मॅडमले सांग."

"सांगते."

"इंग्रजीत."

तिच्या बाबांना ठसका लागला. "अन् शेठले?"

"पहिले शाळेत," ती म्हणाली.

तिनं मला चार वाक्यं लिहून दिली आहेत. रोज संध्याकाळी माझ्याकडून म्हणवून घेते. शनिवारी जायचं आहे. टेबलाखाली कोणी बसणार नाही, हे तिनं आधीच बजावलं आहे. काल तिसऱ्या वाक्यापाशी माझी जीभ पुन्हा अडली.

"मॅम, आय अंडरस्टँड," ती म्हणाली. "पण पुन्हा म्हण."