अंगठ्याचे साक्षीदार

चार माणसं महिनोन्महिने एकाच बाकावर बसली की किस्से साठतातच. त्यात आमचे पाय हलत नव्हते, त्यामुळे तोंडाशिवाय हलवायला दुसरं होतंच काय!

बी.ए. झालो आणि त्याच महिन्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गुडघा सुधारला, पण नस दुखावली आणि डावं पाऊल लुळं पडलं. डॉक्टर म्हणाले, "नखं वाढतात ना, तशी नस हळूहळू वाढते. वाट बघा."

वाट? पुढच्या जूनमध्ये मला खेड्यातल्या शाळेवर रुजू व्हायचं होतं. स्टेशनपासून तीन मैल पायी! तोवर पाऊल उचललं नाही, तर शाळा गेली.

*

बेंगळुरातल्या त्या इस्पितळात रोज मालिश, करंट आणि मग सिस्टरचा हुकूम, "अंगठा वर!" पण स्वतःच्या पायाच्या अंगठ्याबद्दल स्वतःची साक्ष चालायची नाही. "आपला अंगठा प्रत्येकाला हललेलाच दिसतो," सिस्टर म्हणे. म्हणून शेजाऱ्याने बघायचं.

माझे शेजारी चिकपेटेतले टेलर हणमंतअण्णा. त्यांचं पाऊल पाठीच्या ऑपरेशनात गेलेलं. पहिल्याच दिवशी मी ओरडलो, "हलला!"

अण्णांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं. "अंगठा नाही रे, बाक हलला!"

*

आमच्या बाकावरच्या गंगक्का आपल्या पावलाशी लाडीगोडीने बोलायच्या. सिस्टर म्हणाली, "अक्का, ऑर्डर द्या त्याला!"

"चाळीस वर्षं घरात ऑर्डरी दिल्या, कोण हललं?"

तीन महिन्यांत त्यांचा अंगठा हलला. दुसऱ्या दिवशी अख्खा बाक आपापल्या पायांशी गोड बोलत होता!

*

लुळ्या पावलात चप्पल टिकत नाही, आणि पडलेली कळतही नाही. एकदा मी तशीच रस्त्यात सोडून पुढे निघालो. मागून घोडागाडी हाकणारा जटकावाला ओरडला, "स्वामी, एक इथंच राहिली!"

अण्णांनी दुकानातून सुती नाडी आणली. रोज निघताना ते स्वतः वाकून माझी चप्पल घोट्याला बांधत. मला शरम वाटायची.

"टेलरकडून शर्टाला बटण लावून घेतोस, तेव्हा नाही वाटत?" अण्णा म्हणाले.

*

सात महिने झाले तरी अण्णांचा अंगठा ढिम्म. शिलाईमशीन बंद. एक दिवस म्हणाले, "उद्यापासून येत नाही."

सगळ्यांना सत्यावर लेक्चर झोडणारा मी! त्यांच्या अंगठ्याकडे बघून म्हणालो, "अण्णा, हलला!"

ते येत राहिले. महिन्याभराने अंगठा खरंच हलला. "हलला!" मी ओरडलो, नाचायचाच बाकी होतो.

अण्णा शांतपणे म्हणाले, "आज खरं बोललास."

*

मे संपत आला. अण्णा रोज माझा अंगठा बघून म्हणत, "हलला!" मी मान फिरवायचो. माझ्या खोट्याची परतफेड चालली होती, दुसरं काय!

आठव्या दिवशी माझा तोल सुटला. "पुरे, अण्णा! मला दया नको! शाळेला नकाराचं पत्र आजच टाकतो!"

तणतणत उठलो. व्हरांडा ओलांडला, तीन पायऱ्या उतरलो, अंगण पार करून फाटकाशी पोचलो.

"अरे, स्वल्प थांब की!"

वळून पाहिलं. अण्णा दारात उभे. हातात नाडी.

"आज बांधायची राहिली!"

मी खाली पाहिलं. चप्पल पायातच होती!