दोनाचं निम्मं

"घरं निम्मी, पाईप निम्मा, पाणी निम्मं. ह्यात काय चुकलं रे?"

भर ग्रामसभेत सरपंचानं माझ्या वडिलांना विचारलं. अण्णा गावचे वॉलमन. नळयोजनेचा वॉल चावीनं उघडणारे, बंद करणारे. वय साठ. सरपंच त्यांच्या मुलाच्या वयाचा.

गावाच्या हौदाला दोन इंची पाईप, गावाच्या निम्मी घरं असलेल्या आमच्या वस्तीच्या हौदाला एक इंची. दोन्हीकडं रोज एकच तास पाणी. तरी आमचा हौद भरत नाही, एवढंच अण्णा उभे राहून बोलले होते.

"पोरगी लातूरला इंजिनिअरिंग शिकून राहिली म्हणं. तिला ईचार की, दोनाचं निम्मं किती!"

सभा हसली. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मला उत्तर येत होतं. मी मान खाली घातली. अण्णा बसले.

वस्तीतल्या बायका हौदावर मला ऐकवायच्या, "तुझ्या बापाची चावी गावाकडंच लई फिरती." अण्णाही ऐकायचे. ऐकत ऐकतच या उन्हाळ्यात गेले. त्यांच्या जलदानविधीला आलेल्या पाहुण्यांना प्यायला पाणी पुरलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पंधरा लिटरची बादली आणि अण्णांचं घड्याळ घेऊन निघाले. गावाच्या पाईपाखाली बादली सहा सेकंदांत भरली. आमच्या पाईपाखाली छत्तीस. तीनदा मोजलं.

पाईपाच्या तोंडाची रुंदी निम्मी केली की पाण्याची वाट निम्मी होत नाही, चौथाई होते. अरुंद पाईपात घर्षणही जास्त. निम्मं पाणी आम्हाला कधी मिळालंच नव्हतं. सहावा हिस्सा मिळत होता. चावी बरोबर फिरत होती.

पुढच्या ग्रामसभेत मी बादली टेबलावर ठेवली. आकडे वाचले. या वेळी कुणी हसलं नाही.

"बरं बाई," सरपंच म्हणाला, "अर्धा तास वाढवून देतो. तुझ्या बापाच्या नावानं."

"नको. निम्म्या घरांना निम्मं पाणी द्यायला दीड इंची पाईप लागतो. तो टाका. एक थेंब जास्त मागत नाही."

ग्रामसेवकाचं पेन थांबलं होतं.

"लिहा," मी म्हणाले. "आणि हेही लिहा, वॉलमननं रोज पूर्ण तास वॉल उघडला."

त्यांनी पाईपाचं लिहिलं. अण्णांचं लिहिलं नाही. पाईप अजून एक इंचीच आहे.

बादली मी घरी वापरायला काढलेली नाही. दर सभेला ती टेबलावर असेल. दोन्ही गोष्टी होईपर्यंत.